उश्त्येकच्या दगडांवरची नावं

१८ जुलै १९९९, रवि. अबुधाबी

पक्कं झालं. ८ ऑगस्टपासून तीन आठवडे चेकला, काचेच्या कारखान्यात ट्रेनिंग. झुंबरं टांगायला लागून नऊ वर्षं झाली, आता म्हणे शिकून ये. हिशाम साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कागद हातात दिला. "डॅनियल, यू गो, यू लर्न, यू कम बॅक. नो ब्रेकिंग." मी आजवर एक लोलक फोडलेला नाही. फुटले ते हेल्परांच्या हातून. तरी "यस सर" म्हटलं.

साहेब जॉर्डनचे. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव कुठलं आणि ते का सुटलं हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे, कोणी विषय काढत नाही. माझं मूळ मात्र कोणालाच माहीत नाही. नाव डॅनियल म्हणजे ख्रिश्चन, असं पहिल्याच दिवशी कोणीतरी ठरवून टाकलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नऊ नाताळांचे नऊ केक खाल्ले. केक चांगला असतो, तक्रार नाही.

धाकट्याने पाठवलेलं आमचं कॅलेंडर ट्रंकेतून काढलं. तो इस्राएलला जाऊन अकरा वर्षं झाली. तिकडून इथे थेट टपाल येत नाही, पत्रं ठाण्याच्या आत्यामार्फत येतात. बाबांचा वर्षदिन यंदा २१ ऑगस्टला येतो, शनिवारी. तेव्हा मी चेकमध्ये.

२३ जुलै, शुक्र.

सुट्टी. दिवसभर तेच डोक्यात.

बाबांनी मागितलं होतं काय? "थोरल्याने वर्षातून एकदा माझ्यासाठी कद्दीश म्हणावा. दहा माणसांत." बस्स. धाकटा तिकडे म्हणतोच, पण थोरल्याने म्हणावा हा त्यांचा हट्ट. कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, एकट्याने म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष हवेत, एकाने म्हणायचा, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं.

गेल्या वर्षी ते गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. आमच्यात त्याच दिवशी पुरतात. आजूबाजूच्या गावांतून गोळा केलेली माणसं परत गेलेली. गावात आपली उरली चार. दोघांना चालवत नाही. मी तसाच परत आलो.

अबुधाबीत दहा कुठून आणू? एक मी. नऊ कमी.

३० जुलै, शुक्र. उम्म अल कुवैनहून परत

आज मूर्खपणा केला, लिहून ठेवतो.

महिन्यापूर्वी कोणीतरी बोललं होतं की उम्म अल कुवैनला अ‍ॅल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये एक सॅम्युएल आहे, मराठी बोलतो, कोकणाकडचा. मला वाटलं, आपलाच. टॅक्सी बदलत बदलत अडीच तासांनी पोचलो. माणूस लाखात एक. पंख्याखाली बसवलं, गार लबान, म्हणजे ताक, दिलं. पण विचारायचं कसं? सरळ विचारायची हिंमत नाही. त्यालाही माझं काहीतरी काढून घ्यायचं असावं, कारण तोही गोल गोल.

"तुमच्याकडे सण कसे करता?"

"करतो की. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही करतात."

अर्धा तास असं. शेवटी जेवायला बसलो. त्याने बरणी उघडली. कोळंबीचं लोणचं, आईने वसईहून पाठवलेलं. खलास! खवलं नसलेली मासळी आम्ही खात नाही. आपला माणूस असता तर ती बरणी घरात नसती.

मी म्हटलं, "मला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे."

तो हिरमुसला. "मला वाटलं तुम्ही आमच्या चर्चचे. रविवारच्या प्रार्थनेला माणसं कमी पडतात हो."

त्यालाही माणसं कमी पडतात! मी हसायला लागलो ते थांबेना. तो बिचारा पाणी घेऊन धावला. निघताना केळ्यांचा घड हातात कोंबला. देव त्याचं भलं करो.

६ ऑगस्ट, शुक्र.

बॅग भरली. ग.भाईंनी, म्हणजे माझ्या रूमच्या गफूरभाईंनी, मसाल्याची पुडी आणि दोन किलो खजूर आणून दिला. "गोऱ्यांच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही." ग.भाई श्रीवर्धनकडचे, हॉटेलात कुक. आठ वर्षं एका खोलीत. मला ताप आला की पेज करतात आणि शिव्या देतात.

मनातल्या मनात नवस बोललो: सुखरूप परत आलो तर मलिदा करीन, आमचा गोड पोह्यांचा प्रसाद. अबुधाबीत, खोलीवर. कसा करणार ते नंतर बघू.

१४ ऑगस्ट, शनि. काचेचं गाव, चेक

आठवडा झाला. शिकण्यासारखं बरंच आहे, कबूल. इथे लोलक ओवताना प्रत्येक तार दोनदा वळवतात, टोक आत दाबतात, मग पुसताना हातमोजा अडकत नाही. आम्ही नऊ वर्षं एकदाच वळवत होतो आणि हातमोज्यांना दोष देत होतो.

पावेल सोबत असतो. मागच्या हिवाळ्यात मोठं झुंबर लावायला हाच अबुधाबीला आला होता. ग.भाईंची बिर्याणी खाऊन रडला होता, तिखटाने. आता तो त्या जेवणाची परतफेड करतोय. कँटीनमध्ये रोज डुक्कर. मी रोज तळलेलं चीज. आज त्याने विचारलं, "डॅनियल, यू क्रिश्चन. व्हाय नो पिग?"

आणि मी सांगून टाकलं. नऊ वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते कोबीच्या ताटासमोर निघालं. पावेलने काटा खाली ठेवला, विचार केला, म्हणाला, "इन उश्त्येक इज सिनेगॉग. फॉर्टी मिनिट, माय कार."

सिनेगॉग आहे! चाळीस मिनिटांवर! पुढच्या शनिवारी जायचं ठरलं. म्हणजे २१ला. बाबा, बघताय ना.

आमच्या कोकणात जिथे सिनेगॉग तिथे उरलीसुरली चार घरं तरी असतातच, आणि शनिवारी इकडून तिकडून माणसं येतात. इथे तर मोठा देश.

२१ ऑगस्ट, शनि. उश्त्येक

सगळं नीट लिहितो.

शनिवार आमचा विश्रांतीचा वार, गाडीत बसायचं नसतं. पण अबुधाबीत नऊ वर्षं शनिवारी शिडीवर चढतोय, तेव्हा गाडीचं काय घेऊन बसलात. इस्त्रीचा शर्ट, बाबांची टोपी, त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक. आणि ग.भाईंचा खजूर अख्खा, प्रार्थनेनंतर वाटायला. दहा-पंधरा माणसांना पुरेल असा हिशोब.

गाव इवलंसं. एक लांबट चौक, दोन्ही बाजूंना टोकदार कपाळाची घरं, पिवळी, गुलाबी. खाली ओढा आणि ओढ्यावर खडकाला चिकटलेली लाकडी खोपटी. पावेल म्हणाला, त्यांत गरीब ज्यू राहायचे. सिनेगॉग उंच खडकावर, सगळ्या छपरांच्या वर. दुरूनच छाती भरून आली.

जवळ गेलो. दाराला फळ्या ठोकलेल्या. आत वाळू, सिमेंट, बांबूऐवजी लोखंडी परांच्या. दुरुस्ती चालू. माणूस नाही.

पावेलने खानावळीत चौकशी केली. त्यांनी व्लास्ताबाईंकडे पाठवलं. वय सत्तरीचं, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात विळा. बाई आमच्या लोकांच्या कबरस्तानातलं गवत कापतात. पावेलने त्यांना सांगितलं की या माणसाला दहा ज्यू पुरुष हवेत, वडिलांच्या प्रार्थनेसाठी.

बाई हसल्या नाहीत. बराच वेळ बोलल्या. पावेलने थोडक्यात सांगितलं, "शी से, नोबडी. सिन्स वॉर, नोबडी."

मला कळायला हवं होतं. शाळेत शिकलो होतो, पेपरात वाचलं होतं, कोणाला कुठे नेलं ते. सगळं माहीत असून मी दोन किलो खजूर घेऊन आलो. रस्त्यावरच रडू आलं. इतकी लाज वाटली की पाठ फिरवून उभा राहिलो. बाबांसाठी किती, या लोकांसाठी किती आणि माझ्या येडेपणासाठी किती, सांगता येणार नाही.

बाईंनी माझ्या हातातलं पुस्तक उघडलं. उलटं धरलेलं मी सरळ केलं. अक्षरांवर बोट ठेवून पावेलला काहीतरी विचारलं. "शी आस्क, यू कॅन रीड धिस?"

थोडं येतं. बाबांनी शिकवलं. अलिबागच्या एसटी डेपोत कारकून होते, संध्याकाळी घरी येऊन पाटीवर अक्षरं काढून द्यायचे. चुकलं की पट्टी बोटांवर. मला त्या पट्टीचा फार राग होता.

बाईंनी दंड धरला आणि चालायलाच लागल्या.

कबरस्तान गावाबाहेर, झाडांत. दगड कललेले, शेवाळलेले. बाई सव्वीस वर्षं गवत कापतायत. कोणी सांगितलं नाही, पगार नाही. लहानपणी त्यांची एक मैत्रीण होती, रुथ. एका बाकावरची. लढाईत नेली, परत आली नाही. तिच्या आजीला, तिचं नाव सारा, त्याआधी इथे पुरलं होतं. रुथसाठी काही करता येत नाही, निदान आजीला फूल ठेवावं, एवढंच बाईंच्या मनात. पण दगड कुठला? सव्वीस वर्षं सगळ्या दगडांभोवती विळा फिरवला, एकाही दगडावर काय लिहिलंय ते माहीत नाही.

गुडघ्यावर बसलो. पहिल्या दगडाचं शेवाळ बाईंनी ब्रशने काढलं. "याकोव, मोशेचा मुलगा." पावेलने सांगितलं, बाईंनी वहीत लिहिलं. दुसरा. तिसरा. अर्धी अक्षरं झिजलेली, मला अर्थ येत नाही, फक्त नावं. बेन म्हणजे मुलगा, बत म्हणजे मुलगी, तेवढं पुरतं. प्रत्येक नावाला बाई दगडाकडे बघून मान हलवत होत्या, ओळख करून दिल्यासारखी. एकीकडे त्या ओल्या गवतात बसून सारखं वाटत होतं, बाबा, मारलंत ते बरं केलंत. खरंच बरं केलंत.

चौतीस दगड वाचले. दोन सारा सापडल्या. कोणती रुथची आजी, कळायला मार्ग नाही. बाईंनी दोघींवर फूल ठेवलं. भिंतीकडचे वाचायचे राहिले, तिथे काट्यांचं रान आहे.

कद्दीश म्हटला नाही. मनात आलं की इथे दहाच्या वर आहेत. पण नियम जिवंतांचा आहे आणि बाबा नियमाचे पक्के.

खजूर बाईंच्या स्वयंपाकघरात खाल्ला. त्यांनी आलुबुखारचा केक दिला. निघताना मी हात जोडले, तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. आभार कोणी कोणाचे मानायचे हेच कळेना.

२२ ऑगस्ट, रवि.

बोटांना अजून शेवाळाचा वास. पावेलला म्हटलं, भिंतीकडच्या दगडांचे फोटो काढून पाठव, अबुधाबीहून वाचून देतो. पत्ता म्हणून ऑफिसचं लेटरहेड दिलं.

आज बरं वाटतंय. का बरं वाटतंय ते समजत नाही, कारण ज्यासाठी गेलो ते झालंच नाही.

२९ ऑगस्ट, रवि. अबुधाबी

पोचलो. विमानाचं दार उघडलं आणि गरम वाफ तोंडावर. घरी आल्यासारखं वाटलं, काय म्हणावं याला. ग.भाई एअरपोर्टवर हजर. "वाळलास. ते लोक काय गवत घालत होते?"

३ सप्टेंबर, शुक्र.

नवस फेडला.

सकाळी पोहे धुऊन ठेवले, नारळ फोडला. ग.भाई आपणहून खोवायला बसले. साखर, वेलची, बदाम. ताटाभोवती पाच फळं, मधे खजूर. मी टोपी घातली. आता काहीतरी सांगणं भाग होतं. आठ वर्षांच्या सोबतीचा माणूस आज जातो की राहतो, कोण जाणे.

"ग.भाई, मी ख्रिश्चन नाही."

खोवणं थांबलं नाही. "माहीत आहे."

"म्हणजे?"

"अरे, कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेला कोकणी माणूस आठ वर्षं बघतोय मी. आमच्या गावात शनिवार तेल्यांची आळी होती, त्या सगळ्यांना हीच अ‍ॅलर्जी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे. तुझ्यासारखंच नाक."

"मग बोललात का नाही?"

"तू बोलला नाहीस, मी कशाला बोलू? आणि हे ताट कोणाच्या नावाचं?"

"इलियाहू हनाबीचं. नवस त्यांनाच बोलतो आम्ही."

"इलियास नबी! मग आमचेच की. दे इकडे, नीट बारीक खोवतो."

आठ वर्षं या माणसाने मला न विचारता माझ्यापुरती वेगळी मच्छी आणली, सुरमई, पापलेट, आणि मी समजत होतो की मी हुशारीने लपवतोय.

मग बाबांचं सगळं सांगितलं. दहा माणसांचं ऐकून ते उठलेच. "दहा? बिल्डिंगमधून आत्ता आणतो. यल्ला, चल." मी म्हटलं, आमचेच लागतात. त्यांनी चपला चढवल्या. "मग खायला तरी आणतो." सहा जण आणले. मलिदा फस्त. विचारलं कोणीच नाही, दुसरं ताट आहे का एवढंच विचारलं.

सगळे गेल्यावर ग.भाई म्हणाले, "मला सांगितलंस ते ठीक. हिशाम साहेबांना सांगू नको. तो माणूस चांगला आहे. पण इस्राएल झालं तेव्हा त्याच्या बापाचं गाव सुटलं, त्याने काय सोसलंय, आपल्याला माहीत आहे. तुझी नोकरी त्याच्या एका सहीवर आहे."

कबूल केलं. सांगणार नाही.

१४ सप्टेंबर, मंगळ.

सकाळी खलिफा सिटीतल्या व्हिलात होतो. मजलिसचं, म्हणजे बैठकीच्या दालनाचं झुंबर. नव्या पद्धतीने दोनदा तार वळवायला शिकवत होतो, हेल्पर वैतागलेले. अकराला रिसेप्शनच्या शैलाचा फोन. "डॅनियल, तुम्हारा फॅक्स आया है. साहब के पास है. जल्दी आओ."

मी फोटो पोस्टाने येतील असं धरून चाललो होतो. पावेलने लेटरहेडवरचा फॅक्स नंबर बघितला आणि पाठवून दिले. मूर्ख मीच. गाडीत ड्रायव्हर काय बोलत होता, एक शब्द आठवत नाही.

केबिनमध्ये साहेब एकटे. टेबलावर तीन कागद. काळे फोटो, वर पांढरी अक्षरं, चौकोनी, आमची. ती अक्षरं साहेबांनी ओळखली नसतील असं मानायला मी लहान पोर नाही.

"व्हॉट इज धिस?"

"स्टोन्स, सर. ग्रेव्ह. वन ओल्ड लेडी, शी वाँट्स नेम्स."

"अँड यू? यू कॅन रीड?"

इथे खोटं बोलता आलं असतं. तयार होतं तोंडात, पावेलचं काहीतरी काम म्हणून. नाही बोललो. "माय फादर टॉट मी, सर. वी आर ज्यू. फ्रॉम कोकण. व्हेरी ओल्ड, सर, फ्रॉम कोकण ओन्ली." दुसऱ्यांदा कोकण कशाला म्हटलं देव जाणे.

साहेब खुर्चीत मागे टेकले. मी टेबलाची कड धरून उभा. नऊ वर्षं, बहिणीचं लग्न, घराचं छप्पर, सगळं या माणसाच्या पगारावर. हा माणूस माझ्याशी कधी आवाज चढवून बोललेला नाही.

मग त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. "रीड."

वाचला. "सारा बत याकोव." भिंतीकडची, तिसरी सारा.

साहेब हळूच म्हणाले, "सारा बिन्त याकूब." स्वतःशीच. मग, "अल्ला यरहम्हा."

दुसरा कागद. तिसरा. प्रत्येक नावाला तेच. यरहमो, यरहम्हा. त्याच्यावर दया कर, तिच्यावर दया कर.

तिन्ही संपले. साहेबांनी विचारलं, "युअर फादर. अलाइव्ह?"

"नो, सर. वन इयर."

"नेम?"

"बेंजामिन."

"बिन्यामीन." ते खिडकीकडे बघत होते. "अल्ला यरहमो."

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, आमेन.

साहेबांनी वर बघितलं. मीही दचकलो. त्यांनी कागद गोळा करून ड्रॉवरमध्ये ठेवले आणि म्हणाले, "टुमॉरो. आफ्टर टी. यू कम." का, ते बोलले नाहीत. चेहऱ्यावरून काही कळेना.

ग.भाई म्हणतात, बॅग भरून ठेव, काय सांगावं. आणि त्यांच्या हॉटेलात जागा आहे का तेही बघतो म्हणतात. मी बॅग भरलेली नाही. व्लास्ताबाईंना पत्र लिहिलं, भिंतीकडच्यांची नावं सगळी आठवून, तिसऱ्या साराचंही.

कद्दीश अजून झालेला नाही. प्रार्थना मी म्हणायची आणि आमेन दुसऱ्यांनी, आज सगळंच उलटं झालं. बाबा, तुमच्या नियमात हे कुठेच बसत नाही, मला माहीत आहे. उद्याचं उद्या बघू. पण वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर तुमचं नाव घेऊन तुमच्यासाठी मागितलं, आणि ते हिशाम साहेबांनी.